मित्राचा डोस तुमचा नव्हे, बॉस!

दिवसभर थकवा, चिडचिड, सेक्समधला इंटरेस्ट गायब... तिशी-पस्तिशीत अशी तक्रार केली, की जिममधला कुणीतरी हमखास सुचवतो, 'टेस्टोस्टेरॉन घे. मी पंधरा दिवसांतून एक इंजेक्शन घेतो, एकदम फ्रेश!' ऐकायला झकास. पण टेस्टोस्टेरॉन रिप्लेसमेंट थेरपी, म्हणजेच टीआरटी, ही काही फ्री साइझ टी-शर्टसारखी सगळ्यांना बसत नाही. त्याला मानवलेला डोस तुम्हाला कमी पडेल किंवा चक्क महागात पडेल. का, ते बघूया.

आधी खात्री

टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दुपारनंतर उतरतं. म्हणून टेस्ट सकाळी, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा करायची. नाइट शिफ्ट असेल, नुकताच ताप येऊन गेला असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. आकडा त्यामुळेही घसरतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2018च्या गाइडलाइन्समध्ये 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमारेषा धरली आहे. पण नुसता आकडा पुरेसा नाही, त्याच्या जोडीला लक्षणंही हवीत. वजन खूप असेल, तर ते उतरवल्यावर हॉर्मोन आपोआप वाढू शकतं.

शरीराचा हिशोब

रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रोटीनला चिकटून फिरतं, मोकळं असतं जेमतेम दोन-तीन टक्के. यातलं एक महत्त्वाचं प्रोटीन म्हणजे एसएचबीजी. लठ्ठपणा आणि टाइप 2 डायबेटिसमध्ये ते कमी होतं. वाढतं वय, लिव्हरचे काही आजार आणि थायरॉइडचा अतिरेक यांत ते वाढतं. त्यामुळे टोटल आकडा सारखाच असलेल्या दोघांच्या अंगी लागणारं हॉर्मोन वेगळं असू शकतं.

शिवाय चरबीतलं अॅरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. म्हणजे पोट सुटलेल्या माणसाचं गणित आणखी वेगळं! वयस्कर पुरुषांमध्ये त्याच डोसवर रक्त जास्त दाट होतं.

इंजेक्शन की जेल?

एनान्थेट किंवा सायपिओनेटचं इंजेक्शन साधारणपणे आठवड्याला 75 ते 100 मिलिग्रॅम किंवा दोन आठवड्यांनी 150 ते 200 मिलिग्रॅम दिलं जातं. दोन आठवड्यांच्या गॅपमध्ये सुरुवातीला पातळी उंच चढते आणि शेवटी घसरते. मूडचंही तसंच. असा झोका सोसत नसेल, तर डोस तोच ठेवून तो विभागून देता येतो. अनडेकॅनोएटचं इंजेक्शन त्यामानाने बरेच आठवडे पुरतं.

जेल रोज लावायचं. त्यातलं साधारण दहा टक्केच त्वचेतून आत जातं आणि तेही प्रत्येकाचं वेगळं. एक मात्र लक्षात ठेवा, जेल सुकायच्या आत बायको-मुलांना जवळ घेऊ नका, त्यांच्याही अंगाला ते लागतं. हात धुवा, ती जागा कपड्याने झाका. अनडेकॅनोएटच्या कॅप्सूल असतील, तर त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. जेवणात थोडा स्निग्ध पदार्थ नसेल, तर औषध नीट शोषलं जात नाही.

बाबा व्हायचंय?

इथे खरी मेख आहे! बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं, की मेंदू वृषणांना 'काम थांबवा' असा निरोप धाडतो. शुक्राणू घटतात, कधीकधी शून्यावर येतात. औषध बंद केल्यावर ते बहुतेकांचे परत येतात, पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागू शकतो. लग्न ठरलंय, बाळाचा विचार चालू आहे, असं असेल तर पहिल्याच भेटीत बोला. एचसीजीसारखे दुसरे उपाय आहेत. हे डोस कमी करून सुटणारं कोडं नाही.

डोस ठरतो तो तपासणीनंतर

पहिला डोस हा फक्त अंदाज असतो. मग रक्ततपासणी करून तो कमी-जास्त करायचा. पातळी नॉर्मलच्या मधल्या पट्ट्यात आणायची, टोकाला नाही. टेस्टची वेळही औषधानुसार बदलते. आठवड्या-पंधरवड्याच्या इंजेक्शनमध्ये दोन डोसच्या मधोमध, अनडेकॅनोएटच्या इंजेक्शनमध्ये पुढच्या डोसच्या जरा आधी आणि जेलमध्ये लावल्यावर दोन ते आठ तासांनी. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर गेलं, तर थेरपी थांबवून कारण शोधतात. घोरणं, स्लीप अॅप्निआ असेल, तर ते आधीच सांगा.

आणि हार्टचं काय? 2023 साली आलेल्या 'ट्रॅव्हर्स' या अभ्यासात पाच हजारांवर पुरुष होते. त्यात हार्ट अॅटॅक-स्ट्रोकचं प्रमाण प्लासिबोपेक्षा जास्त आढळलं नाही. मात्र एट्रियल फिब्रिलेशन आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी हे प्रकार जास्त दिसले.

डॉक्टरांकडे जाताना...

• सकाळचे दोन्ही रिपोर्ट सोबत ठेवा
• चालू असलेली सगळी औषधं सांगा, जिममधली 'पावडर'सुद्धा
• मूल हवंय का, ते न लाजता सांगा
• पुढची रक्ततपासणी कधी, ते विचारून डायरीत लिहा

थोडक्यात काय, तर स्वतःचे रिपोर्ट, स्वतःचा डॉक्टर आणि स्वतःचाच डोस. यात शेअरिंग नको!