पाळीव ससा आणि रानांतला ससा

पावसाळा सरून गवतकापणी सुरू झाली म्हणजे बोरिवली, मुलुंड या बाजूच्या डोंगरउतारावर विळ्यापुढें कधीं कधीं सशाचें पिलूं सांपडतें. मूठभर देह, अंगावर पुरती लव, डोळे टक्क उघडे, आणि जवळपास आई नाहीं. तें पोरकें आहे असें समजून आपण दयेनें घरीं आणतों, आणि या दयेनेंच तें बहुधा मरतें.

घरोघरीं पाळतात तो ससा मूळचा युरोपांतील, बिळांत राहणारा. आपल्या रानांतला काळ्या मानेचा ससा अगदीं निराळ्या जातीचा; दोघांस नांव एकच असल्यानें घोटाळा होतो. पाळीव मादी सुमारें ३१ दिवसांनीं विते. तिचीं पिलें उघडीं व आंधळीं असतात, म्हणून ती स्वतःचे केंस उपटून त्यांस ऊब करते. रानांतली मादी बीळ करीत नाहीं. तिचीं पिलें लवेसह, डोळे उघडे असतांनाच गवतांत जन्मतात. आपल्या मागावर रानमांजर किंवा मुंगूस पिलापाशीं येऊं नये म्हणून ती दिवसभर दूर राहते. या कुळांतल्या माद्या बहुधा दिवसांतून एकदांच, तिन्हीसांजेनंतर येऊन कांहीं मिनिटें पाजतात.

पाळीव सशाचें मुख्य अन्न गवत. हिरवें असो कीं वाळलेलें. त्याचे दांत जन्मभर वाढतात व तंतुमय चाऱ्यानेंच झिजतात. पाव, बिस्किटें व धान्य यांनीं त्याचें पोट बिघडतें. तो स्वतःच्या मऊ लेंड्या खातो. हा रोग नव्हे, ती त्याची पचनाची रीत आहे. आपला दमट उकाडा त्यास सोसत नाहीं, म्हणून पिंजरा सावलींत, वाऱ्याच्या जागीं व कोरडा असावा. कान धरून त्यास कधींही उचलूं नये. एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या पायांखालीं द्यावा. अर्धा दिवस त्यानें तोंड लावलें नाहीं तर पशुवैद्याकडे न्यावें. घरांतलें पेनिसिलिन तोंडानें देऊं नये. तें त्यास मारक ठरतें. आणि कंटाळा आला म्हणून आरेच्या झाडींत किंवा राष्ट्रीय उद्यानांत सोडून देणें म्हणजे त्यास कुत्र्यांच्या तोंडीं देणें होय.

रानांतल्या पिलाविषयीं मीं स्वतः केलेली चूक सांगतों. गड्यानें आणून दिलेल्या पिलास मीं कापसाच्या बोळ्यानें गाईचें दूध पाजलें. पोट फुगून तें तिसऱ्या दिवशीं मेलें. सशीचें दूध गाईच्या दुधाहून पुष्कळ घट्ट असतें, हें मला मागाहून कळलें.

पिलूं धड असेल तर तेवढा तुकडा न कापतां सोडावा व कुत्रीं बांधून ठेवावीं. उचललें असल्यास सांजेपूर्वीं त्याच जागीं ठेवावें. माणसाच्या हाताच्या वासानें आई पिलूं टाकते ही समजूत खोटी आहे. विळा लागला असेल किंवा कुत्र्यानें धरलें असेल, तर भोकें पाडलेल्या खोक्यांत, अंधारांत, निवांत ठेवावें. दूध वा पाणी पाजूं नये, आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानांतला ससा घरीं ठेवतां येत नाहीं.

यंदा आमच्या कुरणांत पुन्हां एक पिलूं दिसलें. चार हात गवत उभें राखलें. दोन दिवस तें तेथेंच होतें. तिसऱ्या सकाळीं दबलेल्या गवतांत थोड्या लेंड्या तेवढ्या उरल्या होत्या.