मलम आणि मज्जातंतु

चेहऱ्यास लावावयाच्या मलमाच्या डबीवर पूर्वी 'कांति', 'कोमलता', फार तर 'सुगंध' एवढेच शब्द असत. अलीकडे त्यांत 'न्यूरोकॉस्मेटिक' या एका नव्या शब्दाची भर पडली आहे. मराठींत त्यास मज्जातंतु-प्रसाधन म्हणतां येईल. हें प्रसाधन केवळ त्वचेवर नव्हे, तर त्वचेंतील मज्जातंतूंवर कार्य करतें. जळजळ व खाज शमवितें, सुरकुत्या सैल करतें, आणि मनाचा ताणहि हलका करतें, असें जाहिरातींत सांगितलेलें असतें. डबी लहान, शब्द भारदस्त आणि किंमत त्याहूनहि भारदस्त, असा हा प्रकार असल्यामुळें त्यांत सत्य किती व अलंकार किती, हें घरांतील कर्त्या माणसांनीं एकदां नीट समजून घेणें बरें.

या कल्पनेचें मूळ निराधार नाहीं. गर्भांत त्वचेचा वरचा थर आणि मेंदूसह सारी मज्जासंस्था हीं एकाच बाह्य थरापासून बनतात. म्हणजे तीं जन्माचीं भावंडें होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अभ्यंगाचें महत्त्व सांगतांना, स्पर्शेंद्रियांत वायूचें आधिक्य असून त्या इंद्रियाचा आश्रय त्वचा आहे, म्हणून अभ्यंग त्वचेस अत्यंत हितकर, असा युक्तिवाद केलेला आहे. तेथील वायु म्हणजेच आजचा मज्जातंतु, असा अट्टाहास कोणी करूं नये; परंतु त्वचा आणि संवेदना यांचा विचार एकत्र केला पाहिजे, हें आपल्या पूर्वाचार्यांनीं ओळखलें होतें यांत संशय नाहीं.

घरीं करतां येण्यासारखा एक साधा प्रयोग आहे. बोथट टोंकानें हातावर जरा जोरानें रेघ ओढावी. प्रथम ती रेघ लाल होते; मग पुष्कळांच्या बाबतींत तिच्या दोन्ही बाजूंस, जेथें टोंक लागलेंहि नव्हतें तेथें, लाली पसरते. ही बाजूची लाली मज्जातंतूंच्या द्वारें पसरते, असें लंडन येथील वैद्य टॉमस लुईस यांनीं १९२७ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. तात्पर्य, मज्जातंतु हा मेंदूकडे वार्ता नेणारा नुसता जासूद नव्हे. तो स्वतः त्वचेंत रासायनिक द्रव्यें सोडतो व तिला लाल करतो, सुजवितो. त्यांपैकीं 'सब्स्टन्स पी' हें द्रव्य ऑयलर व गॅडम यांना १९३१ सालीं सांपडलें. मनाचाहि त्वचेशीं संबंध आहे. विद्यार्थ्यांच्या त्वचेचें दुखावलेलें संरक्षक आवरण सुट्टीच्या मानानें परीक्षेच्या दिवसांत सावकाश भरून येतें, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलें. वर्षानुवर्षें परीक्षा घेतलेल्या शिक्षकास यांत फारसें नवल वाटणार नाहीं!

मिरची आणि पुदिना यांचीं उदाहरणें तर प्रत्येक स्वयंपाकघरांत आहेत. ठेचा करतांना हातांची आग होते, पण हात भाजलेला नसतो. मिरचींतील कॅप्सायसिन हें द्रव्य मज्जातंतूंच्या टोंकाशीं असलेलें एक द्वार उघडतें. हें द्वार एरवीं सुमारें ४३ अंश सेल्सिअस उष्णतेस उघडतें. म्हणून मेंदूची समजूत होते कीं, हात तापला. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेनें १९९७ सालीं हें द्वार शोधून काढलें. पुदिन्यांतील मेंथॉल थंडीचें द्वार उघडतें. त्याचा शोध २००२ सालीं ज्यूलियस व आर्डेम पाटापूशियन यांनीं स्वतंत्रपणें लावला. दोघांनाहि २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मेंथॉलचें मलम लावल्यानें वाटणारा गारवा हा मुख्यतः या द्वाराचा खेळ असतो. गृहिणींस यांतून एक उपयुक्त धडा मिळतो: कॅप्सायसिन पाण्यांत नीटसें विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें, म्हणून हातांची आग झाल्यास आधीं तेल चोळावें व मग साबणानें हात धुवावे. दुसरें असें कीं, मेंथॉल व कापूर असलेलीं मलमें दोन वर्षांच्या आंतील मुलांस लावूं नयेत. त्यांच्या श्वासास त्यापासून अपाय होऊं शकतो.

आतां सुरकुत्यांकडे वळूं. बोटुलिनम नांवाचें विष सुईनें स्नायूंत टोंचलें असतां, मज्जातंतूकडून स्नायूस मिळणारा निरोप थांबतो व स्नायु कांहीं महिने सैल पडतो. भुंवयांमधील आठ्यांसाठीं अमेरिकेच्या सरकारी खात्यानें त्यास २००२ सालीं मान्यता दिली. त्याच वर्षीं स्पेनमधील संशोधकांनीं, अशाच तऱ्हेनें काम करणारें परंतु सुईवांचून लावतां येणारें एक लहान पेप्टाइड प्रसिद्ध केलें. तें 'आर्जिरेलिन' या नांवानें विकलें जातें. तें असलेल्या मलमानें तीस दिवसांत सुरकुत्यांची खोली तीस टक्क्यांपर्यंत कमी झाली, असें त्यांचें म्हणणें होतें. पण येथें एक अडचण आहे. अखंड त्वचेंतून आंत जाणारे रेणु साधारणपणें ५०० डाल्टनहून लहान असतात, असा ठोकताळा २००० सालीं मांडण्यांत आला. आर्जिरेलिनचा रेणु जवळजवळ ८९० डाल्टनचा आहे. आणि ज्या स्नायूपर्यंत त्यास पोंचावयाचें, तो तर त्वचेच्याहि खालीं! किल्ली कितीहि सुबक असली, तरी ती कुलुपापर्यंत गेली पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीनें पाहतां येथें उभयतःपाशा रज्जु आहे. आपल्या १९४० च्या औषधविषयक कायद्यांत १९६२ च्या दुरुस्तीनें सौंदर्यप्रसाधनें समाविष्ट झालीं. त्यांची व्याख्या स्वच्छ करणें, सुशोभित करणें, आकर्षकता वाढविणें व रूप पालटणें एवढीच आहे. मलम मज्जातंतूंचें कार्य खरोखर पालटीत असेल, तर तें औषध ठरून औषधाच्या कसोटीस उतरलें पाहिजे. आणि तें नुसतें प्रसाधनच असेल, तर मज्जातंतूंचें नांव घेऊन मोठी किंमत कशासाठीं?

मग लावणारास बरें वाटतें तें कां? स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनीं दाखविलें आहे कीं, केसाळ त्वचेंत मंद गतीचे कांहीं मज्जातंतु आहेत. सेकंदास एक ते दहा सेंटिमीटर वेगानें हळुवार हात फिरविला, म्हणजे ते विशेष जागृत होतात. हाच वेग मनुष्यास सर्वांत सुखद वाटतो, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. आई तान्ह्या बाळास किंवा नात आजीच्या पाठीस तेल लावते, तेव्हां कोणी घड्याळ लावीत नाहीं. तरी हात त्याच वेगानें फिरतो. म्हणून नव्या मलमाची परीक्षा करावयाची, तर तितकाच वेळ, तसेंच चोळलेल्या साध्या मलमाशीं तुलना हवी. नाहींतर हाताचें श्रेय डबीस जातें.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जळजळ, खाज, वेदना हीं त्रासदायक असलीं, तरी ते पहारेकरी आहेत. पहारेकरी ओरडतो तेव्हां आपण जागे होतों. खरें भय तो मुका होतो तेव्हां. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, तो खाजत नाहीं, दुखत नाहीं, आणि त्यावर टोंचलेलें कळत नाहीं, असें आढळल्यास तें कुष्ठरोगाचें लक्षण असूं शकतें. हा रोग त्वचा व मज्जातंतु या दोहोंनाच ग्रासतो. सरकारी दवाखान्यांत त्यावरील औषध विनामूल्य मिळतें, साधारण सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो, आणि वेळीं उपचार झाल्यास व्यंग टळतें. दुखत नाहीं म्हणून, किंवा लोकलज्जेस्तव, अशा चट्ट्यावर सुगंधी मलम चोळून महिने घालविणें हें स्वतःच्या हातापायांवर निखारा ठेवण्यासारखें आहे. मधुमेही वडील मंडळींच्या बधिर पायांचीहि गोष्ट अशीच. घरांतील तरुणांनीं त्यांचे तळवे रोज पाहावे, जखम असल्यास वैद्यास दाखवावी, आणि शेक देण्यापूर्वीं पाण्याची ऊब स्वतःच्या हातानें तपासावी.

डबी घेणें न घेणें हा ज्याच्या त्याच्या खिशाचा व आवडीचा प्रश्न आहे. परंतु घरांतल्या कोणाची त्वचा बोलेनाशी झाली आहे काय, हें पाहणें मात्र सर्वांचें कर्तव्य आहे. आणि त्यास एक पैहि लागत नाहीं.