तिकीट लावून ठेवलेले प्राणी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरात त्यातला एक दगावला. पुढच्या मार्चमध्ये त्यांचा कक्ष लोकांसाठी उघडला, त्याच वर्षी मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं, आणि गर्दी तरीही वाढलीच.

सांभाळ आणि कारण

या पेंग्विनांची निगा वाईट राखली जाते असं म्हणता येणार नाही. चोवीस तास गारवा, गाळलेलं पाणी, मासळी, वेगळे पशुवैद्य, सगळं आहे. त्यांची पैदास होऊन संख्या दुपटीच्या वर गेली. पण पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी मुंबईत कशाला, याचं उत्तर चांगल्या निगेतून मिळत नाही. हम्बोल्ट पेंग्विनची जात संकटात आहे हे खरं. मात्र इथे जन्मलेलं एकही पिल्लू त्या किनाऱ्यावर परत गेलेलं नाही. तेव्हा हे संवर्धन म्हणायचं की करमणूक? माझ्या मते करमणूकच, आणि तसं सरळ म्हणायला हरकत नसावी.

जिथे तिकीटच नाही

१९९० च्या दशकात गावोगावची गिधाडं दिसेनाशी झाली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं तर भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. उरलेली वाचवायची म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) आणि हरियाणाच्या वनखात्याने पिंजोरला २००१ मध्ये केंद्र सुरू केलं आणि पुढे तिथे पक्षी पकडून त्यांची पैदास केली. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली ती २००६ मध्ये. पिंजोरचे हे पक्षी लोकांना बघायला ठेवलेले नाहीत. माणसाचा वावर जितका कमी तितकं बरं, म्हणून लक्षही कॅमेऱ्यांतून ठेवलं जातं. २०२४ मध्ये तिथली गिधाडं ताडोबा आणि पेंचला आणली, अंगावर ट्रान्समीटर बसवून सोडली. त्यातली काही मेली. तरी या कैदेला बाहेर पडायची वाट होती, आणि ती आधीपासून ठरलेली होती. एवढ्यासाठी पक्षी जाळीआड ठेवावा लागला, तर मला ते पटतं.

येरझाऱ्या

बिबट्या जाळीच्या कडेने चालत येतो, ठरल्या ठिकाणी मान झटकून वळतो, परत जातो. पुन्हा तेच. त्या पट्ट्यातलं गवत केव्हाच गेलेलं असतं, माती टणक झालेली असते. बाहेरचा बाप लेकराला उचलून सांगतो, ‘बघ, कसा फिरतोय!’ हे फिरणं नव्हे. काही हेतू नसताना तीच हालचाल करत राहणं हे कोंडलेपणाचं ओळखीचं लक्षण आहे. हत्ती जागच्या जागी झुलत राहतो तेही त्यातलंच. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की, शिकारी प्राण्यांत ज्याचा जंगलातला मुलूख मोठा, त्याच्या येरझाऱ्या जास्त आणि पिल्लंही जास्त मरतात. म्हणजे सगळ्याच प्राण्यांना कैद सारखी जड जात नाही. जागा कोणाला पुरते आणि कोणाला कधीच पुरणार नाही, हे पाहूनच प्राणी निवडायला हवेत.

आपल्याकडे हत्तीच्या बाबतीत हे मान्य झालं. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये हत्ती प्राणिसंग्रहालयांतून हलवायला सांगितले. अंमलबजावणी मात्र रेंगाळली; बरेच हत्ती पुढे कित्येक वर्षं होते तिथेच राहिले.

मग सोडून का देत नाहीत?

पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाला शिकार शिकवलेली नसते. त्याला माणसाची भीती नसते, आणि हेच सर्वांत धोक्याचं. शिवाय मोकळं जंगल आहे कुठे? जिथे वाघ राहू शकतो तिथे बहुधा आधीच एक असतो. त्यामुळे आहेत ते प्राणी नीट सांभाळणं भाग आहे. खरा निर्णय नव्या पैदाशीचा आणि नव्या खरेदीचा असतो.

आधी काय बघायचं

प्राण्याची छेड काढणं कायद्याने गुन्हा आहे, हे पाटीवर असतंच. त्यापेक्षा प्राणी कुठून आला, एकटा आहे का, लपायला आडोसा आहे का, रात्री त्याला कुठे कोंडतात, हे विचारावं. प्राधिकरण दरवर्षी देशभरच्या संग्रहालयांची यादी काढतं. किती जन्मले, किती आणले, किती मेले, सगळं त्यात असतं. मृत्यूंचा रकाना आधी वाचावा.