कंबर धरली? खाटेवर पडून राहू नका

१६ लिटरचा पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या घरात वजन येतं. कराड-वाळव्याकडं उसाची मोळी डोक्यावर, तासगावात एप्रिल-ऑक्टोबरच्या छाटणीला दिवसभर मंडपाखाली मान वर. मग कंबर धरली की मेडिकलमधून गोळी आणायची, पट्टा आवळायचा आणि पडून राहायचं!

मीही तेच केलं. मोटारसायकलवर गावं फिरून कंबर गेली. आठ महिने पट्टा बांधला, फरक शून्य. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तीत व्यायाम करा म्हटलंय. पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट नको. आणि रोजच्या गोळ्यांनी पोट, मूत्रपिंडं बिघडतात, हे ध्यानात ठेवा.

सुरुवात थोडक्यात करा. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चाला, जमेल तसं वाढवा. थोडं दुखलं म्हणजे कंबर मोडली असं नव्हे. मात्र पायातलं बळ गेलं, लघवीवरचा ताबा सुटला किंवा सोबत ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एकट्यानं हे टिकत नाही. आम्ही सहा जणांनी व्हॉट्सॲपवर गट केलाय. हळद वेचायला जाणाऱ्या एक मावशी त्यात आहेत. "दुखणं दिसत न्हाई, म्हणून घरातली सोंग म्हणत्यात," असं त्या पहिल्या दिवशी बोलल्या. आता रोज संध्याकाळी नातवाकडून निरोप टाकतात. काल आला, "आज विहिरीपर्यंत जाऊन आले."