खुब्याचं ऑपरेशन आणि मधुमेह्याचं ताट
(लेखांक पाचवा)

खुब्याचं हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत का व्हावी, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आता रुग्ण घरी आला आहे. इथून पुढचं अर्धं काम स्वयंपाकघराचं.

पेण तालुक्यातल्या जोहे-हमरापूरकडे काय, किंवा कोकणात कुठेही काय, घरात मधुमेही आजी ऑपरेशन करून आली की दोन पथ्यं एकदमच सुरू होतात. टाक्यांत पू होईल म्हणून मासे, अंडी, वाल बंद आणि साखर वाढेल म्हणून भात-भाकरी निम्मी. उरतं काय? पातळ पेज, मुगाचं पाणी, चहा-बिस्किट. यामागे माया असते, पण आजीचं नुकसानच होतं. पेज आणि बिस्किटं साखर चढवतात. जखम भरायला लागणारी प्रथिनं त्यांत नावापुरतीच. मासे-अंड्यांनी पू होत नाही, तो होतो जंतुसंसर्गाने. आणि साखर सतत चढी राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमजोर पडतात.

दुसरं नुकसान स्नायूंचं. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. हाड मोडलेल्या, उपाशी माणसाचं काय होत असेल!

म्हणून रोज किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या आजींना ६० ते ७५ ग्रॅम. सकाळी दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम. दुपारी जिताड्याचे किंवा दुसऱ्या ताज्या माशाचे १०० ग्रॅम तुकडे, म्हणजे १८-२० ग्रॅम. दोन्ही वेळा वालाची किंवा मुगाची दाट आमटी, एक भाकरी आणि दिवसभरात दोन पेले दूध किंवा दही. एवढ्यात हिशेब बसतो. मासे न खाणाऱ्यांनी पनीर, सोयाबीन, उसळी वाढवाव्यात. सुका जवळा खारट असतो. रक्तदाब असेल तर बेतानेच. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

जेवणाची वेळ चुकवू नका. जोहे-हमरापूरकडे तर गणपतीच्या आधी घरची सगळी माणसं मूर्तींच्या कारखान्यात गुंतलेली असतात. अशा वेळी इन्सुलिन घेतलं आणि जेवण राहिलं, तर साखर ७० च्या खाली उतरते, चक्कर येते आणि आजी पुन्हा पडू शकतात. घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि त्या शुद्धीवर असतील, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

पुढच्या आठवड्यात वॉकर आणि व्यायाम. तोवर एक वही करा. ताटात काय वाढलं, किती संपलं, हे रोज साखरेच्या आकड्याशेजारी लिहा आणि टाके काढायला जाल तेव्हा ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.