सुगंधी तेल त्वचेवर लावताना

इसेन्शियल ऑइल म्हणजे फुले, पाने, साली यांतून बहुधा वाफेने काढलेला उडून जाणारा अर्क. हे खोबरेलासारखे स्निग्ध तेल नव्हे. थेट अंगाला लावू नये.

• प्रमाण १ ते २ टक्के : ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ६ ते १२ थेंब. चेहऱ्याला त्याहून कमी.

• आधी चाचणी : पातळ केलेला थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहावी.

• दाह वेगळा, ॲलर्जी वेगळी. दाह लावलेल्या जागीच, लवकर होतो. ॲलर्जी बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते आणि एकदा जडली की थोड्याशा तेलानेही पुन्हा उठते. वर्षभर सोसलेले तेल अचानक सोसेनासे होते, ते यामुळेच.

• दालचिनी, लवंग, गवती चहा : विशेष तीव्र.

• लिंबू, बर्गमॉट : सालीतून दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमारिन ही रसायने असतात. त्यांमुळे उन्हात त्वचा भाजते, काळे डाग राहतात. लावल्यावर किमान १२ तास ऊन टाळावे.

• टी ट्री, लव्हेंडर : हवा लागून जुनी झाली की ॲलर्जीचा धोका वाढतो.

• नीलगिरी तेल लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ नको. पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. तडक रुग्णालय गाठावे.

• जळजळ झाल्यास साध्या तेलाने पुसून मग साबणाने धुवावे. नुसत्या पाण्याने अर्क निघत नाही.