मेंदूची निराळी घडण आणि क्रीडांगण

बीजिंग येथे २००८ साली झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत १३ ऑगस्ट रोजी दोनशे मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत झाली. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याने पाण्यात सूर मारला आणि थोड्याच वेळात त्याच्या डोळ्यांवरील चष्म्यात पाणी शिरू लागले. शर्यत उत्तरार्धात आली तेव्हा त्याला समोरची भिंत दिसेना, तळाची काळी रेघ दिसेना, शेजारचे प्रतिस्पर्धीही दिसेनात. शेवटच्या पन्नास मीटरांना आपणांस किती हात मारावे लागतात हे त्याला ठाऊक होते. ते तो मोजीत गेला, आणि मोजणी पुरी होताच त्याचे हात भिंतीला लागले. वेळ होती १ मिनिट ५२.०३ सेकंद; सुवर्णपदक तर मिळालेच, शिवाय जागतिक विक्रमही झाला.

ज्या मुलाला कशावरही लक्ष केंद्रित करता येणार नाही असे शाळेतील एका शिक्षिकेने त्याच्या आईस सांगितले होते, तोच हा मुलगा. नऊ वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याच्या चंचलतेस नाव दिले: अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एडीएचडी म्हणतात. वर्गात एका जागी न बसणारा हा मुलगा तलावात मात्र तासन् तास एकाच रेघेवरून ये-जा करी. यात वरवर दिसणारा विरोध खरा नव्हे. अशा मुलांत अवधान मुळीच नसते असे नाही; ते हवे तेव्हा, हवे तिथे वळविणे त्यांना जड जाते. वर्गात पाठाचे फळ परीक्षेपर्यंत दिसत नाही. तलावात प्रत्येक फेरीनंतर घड्याळ तत्काळ उत्तर देते, आणि पाण्याखाली दुसरा कोणताही आवाज नसतो. शिवाय बॉब बोमन यांच्यासारखा कडक शिस्तीचा गुरू लाभला. संपूर्ण शर्यत, तीही अडचणींसकट, रोज मनश्चक्षूंपुढे पाहण्याची सवय त्यांनीच फेल्प्सला लावली होती. बीजिंगमध्ये अंधारात मोजलेले हात हे त्या सवयीचे फळ होते. चंचलतेचे नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एडीएचडी, स्वमग्नता, वाचन-लेखनाची अडचण म्हणजेच डिस्लेक्सिया, टुरेटचा विकार यांना अलीकडे न्यूरोडायव्हर्सिटी या एका छत्राखाली आणले जाते. मेंदूची घडण अनेक परींची असते, सर्वसाधारण घडणीहून निराळी असलेली प्रत्येक घडण केवळ रोग म्हणून मोजू नये, असा त्या शब्दामागचा अभिप्राय आहे. १९९० नंतरच्या दशकात तो रूढ झाला. ज्यांना तो लागू पडतो अशी माणसे मात्र त्याच्या आधीपासूनच क्रीडांगणावर होती.

स्कॉटलंडचे जॅकी स्टुअर्ट हे त्यांपैकी एक. १९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीन वर्षे ते मोटारशर्यतीचे जगज्जेते ठरले. ९९ शर्यतींत २७ विजय ही त्यांची कमाई. शाळेत मात्र ‘ढ’ हाच शिक्का. फळ्यावरची अक्षरे त्यांच्यापुढे गोंधळ घालीत, मुले हसत, शिक्षक रागावत. कोवळ्या वयातच शाळा सोडून ते घरच्या गॅरेजमध्ये कामास लागले. पुढे नेमबाजीत त्यांनी नाव काढले आणि १९६० च्या ऑलिंपिक संघात निवड होता होता थोडक्यात हुकली. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा जुना मार्ग सुमारे २३ किलोमीटरांचा. त्यावरील प्रत्येक वळण, कुठे ब्रेक दाबायचा, कुठे गिअर बदलायचा, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. आणि याच गृहस्थांना इंग्रजी वर्णमाला सलग म्हणता येत नसे! आपणांस डिस्लेक्सिया आहे हे त्यांना १९८० साली, चाळिशी उलटल्यावर कळले. तेही मुलाची तपासणी झाली म्हणून. तोपर्यंत आपण मंदबुद्धी आहोत अशीच त्यांची समजूत होती. तीन जगज्जेतेपदेही ती समजूत पुसू शकली नाहीत.

अमेरिकेचा गोलरक्षक टिम हॉवर्ड याची कथा निराळी. टुरेटच्या विकारात स्नायूंना आपोआप झटके येतात. चेंडू दूर असताना हॉवर्डला ते येत. चेंडू गोलाजवळ आला की शरीर आज्ञेत राही, असे त्याने सांगितले आहे. २००३ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये आला तेव्हा तेथील काही वृत्तपत्रांनी त्याची हेटाळणी केली. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याने विक्रमी संख्येने फटके अडविले. संघ हरला तरी त्या दिवशी नाव झाले ते हॉवर्डचे.

अशा कथा ऐकून, निराळी घडण हीच दैवी देणगी होय, असे म्हणण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ती भ्रामक आहे. फेल्प्सला पुढे खिन्नतेने ग्रासले, जगण्याची इच्छाही उरली नव्हती, हे त्याने स्वतःच उघडपणे सांगितले आहे.

खरा पेच उभा राहतो तो औषधांपाशी. एडीएचडीवर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक आहे, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार सामन्याच्या काळात ते वर्ज्य आहे. मग रुग्ण असलेल्या खेळाडूने काय करावे? त्यासाठी उपचारार्थ सवलतीची तरतूद आहे. निदान कागदोपत्री सिद्ध झाले पाहिजे. औषधाने खेळाडू केवळ निरोगी पातळीवर आला पाहिजे, त्याहून वर नव्हे. दुसरा योग्य उपाय उपलब्ध नसावा. आणि पूर्वी घेतलेल्या वर्ज्य द्रव्यामुळे ही गरज उद्भवलेली नसावी. रिओ येथे २०१६ साली चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या सिमोन बाइल्सने अशीच रीतसर सवलत घेतली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात संगणकचोरांनी संस्थेच्या दप्तरातून तिची वैद्यकीय कागदपत्रे पळवून जगापुढे मांडली. अपराध काहीच नव्हता, तरी एकोणीस वर्षांच्या मुलीला आपला आजार चव्हाट्यावर समजावून सांगावा लागला. यात लाजण्यासारखे काही नाही, असे तिने ठणकावून सांगितले. पण सवलतीचा अर्ज भरावा की गुपचूप औषध सोडून खेळावे, असा विचार त्या दिवसांत किती तरुण खेळाडूंच्या मनात आला असेल!

दुसरा पेच गटवारीचा. सिडनीच्या २००० सालच्या पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक अक्षमतेच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक मिळविले. मागाहून उघड झाले की बारांपैकी दहा खेळाडूंना तशी अक्षमता नव्हतीच. लबाडी दहा जणांची. शिक्षा मात्र साऱ्या गटाला झाली. त्यांचे सामने बंद पडले ते २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकपर्यंत. तेथे जेसिका-जेन ॲपलगेट या स्वमग्न मुलीने दोनशे मीटर जलतरणात सुवर्णपदक पटकाविले. पण तिला प्रवेश मिळाला तो बौद्धिक अक्षमतेच्या कसोटीवर, आणि त्या कसोटीत बुद्ध्यंक ७५ हून अधिक नसावा लागतो. ज्याची बुद्धी तल्लख, पण गर्दी, प्रखर दिवे आणि शिट्ट्यांचा आवाज ज्याला असह्य होतो, अशा स्वमग्न खेळाडूस २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्येही स्वतंत्र गट नव्हता. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या व्हर्टस या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या सामन्यांत तसा गट केला आहे; त्यापुढे वाट अजून व्हायची आहे.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता या दोहोंस दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. मुंबईच्या जिया राय या स्वमग्न मुलीने २०२१ साली वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर पोहून पार केले, पुढल्या वर्षी श्रीलंका व भारत यांमधील पाल्कची सामुद्रधुनी ओलांडली, आणि जुलै २०२४ मध्ये इंग्लिश खाडी. खाडीत तिला सतरा तासांहून अधिक वेळ लागला. तेथे सोबतच्या नावेतील निरीक्षक सुटल्याची आणि पोचल्याची वेळ टिपतो.